कडी आतून निघते

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांनी जो स्वार्थत्याग केला, त्याच्या गौरवासाठी. पुण्यातल्या एका माणसानं सातासमुद्रापलीकडचा लढा आपला मानला, याचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान वाटतो. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स नावाच्या लहानशा गावात कोर्टाच्या इमारतीला दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोऱ्यांनी वेढा घातला. आदल्या वर्षीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत कोण जिंकलं यावरून राज्यभर वाद पेटला होता. तालुक्याचा कारभार आपल्या बाजूकडे राहावा म्हणून कृष्णवर्णीय रिपब्लिकन ती इमारत धरून बसले होते. हल्लेखोरांनी सोबत तोफ आणली होती. त्यांनी छताला आग लावली. आतली माणसं शरण येऊन बाहेर पडली, तेव्हा त्यांतल्या अनेकांना आधी कैद केलं आणि मग मारलं. मेलेल्यांचा आकडा इतिहासकार साठापासून दीडशेपर्यंत सांगतात.

खटला झाला, त्यात अवघ्या तिघांवर गुन्हा शाबीत झाला. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही निकाल रद्द केला. राज्य सरकारनं कुणाचे हक्क हिरावले तर केंद्राला हात घालता येईल, खासगी माणसांनी हिरावले तर नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढं १९५०च्या सुमारास लुइझियाना सरकारच्याच एका खात्यानं त्या जागी एक फलक उभा केला. कोलफॅक्सच्या दंगलीत तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले आणि या घटनेनं दक्षिणेतल्या परक्यांच्या कुशासनाचा शेवट झाला, असं त्यावर लिहिलेलं होतं. हा फलक २०२१ च्या मे महिन्यात काढला. तोवर सत्तर वर्षं तो तिथे उभा होता, त्याच्यासमोरून मुलं शाळेत जात होती.

तोफ आणणाऱ्या टोळीइतकाच हा फलक उभारणारा कारकूनही मला महत्त्वाचा वाटतो. त्यानं तोंडावर बुरखा घेतला नव्हता. कागद पुढं सरकला, मंजुरी मिळाली, अक्षरं ओतली गेली.

अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनांचा राजकारणावर किती प्रभाव आहे, असा प्रश्न निघाला की आपण त्यांची माणसं मोजू लागतो. किती शाखा, किती सभासद, मोर्चाला किती जमले. आकडे बहुतेक वेळा लहान निघतात आणि आपण निश्चिंत होतो. मला ही मोजणीच चुकीची वाटते. या टोळ्यांनी स्वतःच्या बळावर अमेरिकेत कधीही सत्ता मिळवली नाही. ज्या ज्या वेळी त्यांचं म्हणणं कायद्यात उतरलं, त्या प्रत्येक वेळी दोन मोठ्या पक्षांपैकी एकानं त्यांच्यासाठी दाराची कडी आतून काढली होती. युरोपातल्या अनेक देशांत असा गट स्वतःचा पक्ष काढतो आणि मिळालेल्या मतांच्या प्रमाणात संसदेत जागा मिळवतो. अमेरिकेत जिथं ज्याला जास्त मतं तो जिंकला, तिथं तिसऱ्या पक्षाला जागाच नाही. म्हणून तिथला प्रत्येक टोकाचा गट या किंवा त्या घराच्या ओसरीवर येऊन बसतो. आत घ्यायचं की नाही, ते घरधन्याच्या हातात असतं.

कू क्लक्स क्लॅनचीच गोष्ट घ्या. यादवी युद्धानंतर निघालेली पहिली क्लॅन राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७१ च्या कायद्यानं आणि लष्कर पाठवून मोडून काढली. सरकारची इच्छा असली की टोळी मोडते, याचा तो पुरावा आहे. पण क्लॅनचं काम पुढं दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक पक्षानं अंगावर घेतलं आणि ते कागदावर केलं. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ मध्ये राज्याची नवी घटना आली. साक्षरतेची अट, मालमत्तेची अट, आणि आजोबा मतदार असतील तर या अटींतून सूट. १९०४ मध्ये नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार उरले १,३४२. शंभरातला एक. इतकं काम कोलफॅक्सच्या तोफेनंही केलं नव्हतं.

दुसरी क्लॅन १९१५ मध्ये उभी राहिली आणि दहा वर्षांत तिचे सभासद काही दशलक्षांवर गेले. ती फक्त दक्षिणेतली नव्हती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. इंडियानात तिनं रिपब्लिकन पक्ष हाताशी धरला, ओरेगॉनमध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर निवडून आणायला मदत केली. तिला पक्षाशी देणंघेणं नव्हतं, दार कुठलं उघडं आहे एवढंच ती पाहत होती. १९२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. जाहीरनाम्यात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही, यावर मतदान झालं. एका मतापेक्षाही कमी फरकानं तो ठराव पडला. प्रतिनिधींच्या मतांचे अपूर्णांक धरले जात, म्हणून असा फरक पडू शकला. मग उमेदवार निवडायला १०३ फेऱ्या लागल्या आणि पक्ष दमून, फाटून बाहेर पडला. रिपब्लिकनांनीही आपल्या जाहीरनाम्यात क्लॅनचं नाव घेतलं नाही. त्यांचे राष्ट्राध्यक्ष कूलिज गप्प राहिले आणि जिंकले.

त्याच १९२४ च्या मे महिन्यात कूलिज यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या गोऱ्यांसाठी दार उघडं, दक्षिण आणि पूर्व युरोपासाठी किलकिलं, आशियासाठी जवळजवळ बंद. हा कायदा केवळ क्लॅननं आणला असं म्हणणं खरं होणार नाही. विद्यापीठांतले सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते, कामगार संघटना, सभ्य वृत्तपत्रं, सगळ्यांचा त्याला हातभार होता. माझा मुद्दा तोच आहे. टोळीच्या जाहीरनाम्यात आणि सभ्य माणसांच्या विधेयकात फरक उरला नाही, म्हणजे प्रभाव पूर्ण झाला. मग टोळी विरली तरी चालतं, आणि क्लॅन खरंच विरली. तिच्या इंडियानातल्या म्होरक्याला १९२५ मध्ये एका तरुणीच्या खुनासाठी जन्मठेप झाली, सभासद पांगले. कायदा मात्र पुढची चाळीस वर्षं टिकला.

या दाराची किंमत पक्षालाही मोजावी लागते. जमावानं माणसाला फासावर लटकवणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारं विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झालं होतं. सिनेटमध्ये दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी ते भाषणं लांबवून मारलं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याएवढा लोकप्रिय नेताही अशा विधेयकामागे ठामपणे उभा राहिला नाही. आपल्या आर्थिक कार्यक्रमासाठी त्याला याच दक्षिणी सिनेटरांची मतं हवी होती. अखेर हा कायदा झाला तो २९ मार्च २०२२ रोजी. तोवर शंभराहून अधिक वर्षांत अशी जवळपास दोनशे विधेयकं आली आणि गेली.

कडी परत लावताही येते, आणि हे १९४८ मध्ये हॅरी ट्रुमन यांच्या पक्षानं करून दाखवलं. त्या वर्षीच्या अधिवेशनात मिनेआपोलिसचे तरुण महापौर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी नागरी हक्कांचा ठराव लावून धरला, तो संमत झाला आणि दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले. त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना वेगळे उमेदवार म्हणून उभं केलं. पक्ष फुटला असताना जुलैमध्ये ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. नोव्हेंबरात थर्मंड चार राज्यं आणि ३९ निर्वाचक मतं घेऊन गेले. ट्रुमन तरीही जिंकले. धोरणी माणसं नेहमी सांगतात की असल्या लोकांना दुखावलं तर निवडणूक जाते. त्यांना १९४८ ची आठवण करून द्यावीशी वाटते.

पुढं लिंडन जॉन्सन यांनी १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्कांचे कायदे केले आणि दक्षिण डेमोक्रॅटांच्या हातून निसटू लागली. थर्मंड १९६४ मध्येच रिपब्लिकन झाले. १९६८ मध्ये वंशविभाजनाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी स्वतंत्र उभं राहून पाच राज्यं जिंकली. ही मतं आपल्याकडे कशी वळतील, हे गणित रिपब्लिकन पक्षानं त्यानंतर वर्षानुवर्षं मांडलं. त्या पक्षाचे निवडणूकतज्ज्ञ ली अॅटवॉटर यांची १९८१ ची एक मुलाखत ध्वनिफितीवर आहे. पूर्वी काळ्यांना शिवी देऊन मतं मिळत, १९६८ पर्यंत ती सोय संपली; मग राज्यांचे अधिकार, शाळांच्या बसगाड्या, करकपात असे विषय आले आणि भाषा अधिकाधिक अमूर्त होत गेली, असं त्यांनी त्यात शांतपणे उलगडून सांगितलं आहे. करकपात मागणारा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा असतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण वाक्य उच्चारणाऱ्याला ते कुणाच्या कानासाठी आहे हे ठाऊक होतं, एवढं त्या फितीवरून कळतं.

आता डेव्हिड ड्यूक. माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायला या एका माणसाची चार वर्षं पुरेशी आहेत. सत्तरच्या दशकात तो क्लॅनच्या एका मोठ्या गटाचा प्रमुख होता. पुढं त्यानं झगा उतरवला, सूट चढवला आणि १९८९ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरातून लुइझियाना विधानसभेची पोटनिवडणूक रिपब्लिकन म्हणून लढवली. माजी राष्ट्राध्यक्ष रेगन आणि नुकतेच शपथ घेतलेले थोरले बुश, दोघांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला. ड्यूक २२७ मतांनी जिंकला. पक्षाच्या राष्ट्रीय समितीनं लगोलग त्याचा निषेध केला. तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष होते तेच ली अॅटवॉटर.

राज्यातल्या पक्षानं काय केलं? बेथ रिकी नावाची तरुण संशोधक पक्षाच्या राज्य समितीवर होती. पक्की रिपब्लिकन, पक्षावर जीव असलेली. ड्यूकच्या विधानसभा कार्यालयातून नाझी पुस्तकं विकली जातात अशी कुणकुण तिला लागली. ती तिथं गेली, पैसे दिले आणि पुस्तकं विकत घेऊन आली. झगा उतरवलेला माणूस बदलला आहे असं सांगणाऱ्यांसमोर तिनं ती ठेवली आणि त्याच्या निषेधाचा ठराव राज्य समितीपुढे यावा म्हणून धडपड केली. समितीनं तो बाजूला सारला. त्याचे मतदार आपल्याला उद्या लागतील, हा विचार त्यामागे होता. लुइझियानातले ते पक्षनेते ड्यूकच्या मताचे होते असं मला वाटत नाही. त्यातल्या बहुतेकांना तो मनातून नकोच असावा. पण दारावरचा राखणदार मनातून काय विचार करतो याला अर्थ नसतो, तो कडी लावतो की नाही याला असतो.

१९९१ मध्ये ड्यूक गव्हर्नरपदाच्या शर्यतीत विद्यमान गव्हर्नरला मागं टाकून अंतिम फेरीत पोचला. समोर होते डेमोक्रॅट एडविन एडवर्ड्स, ज्यांच्या भ्रष्टाचाराच्या कथा राज्यात सर्वतोमुखी होत्या. तेव्हा गाड्यांच्या बंपरवर स्टिकर दिसू लागले: चोराला मत द्या, ते महत्त्वाचं आहे. बुश यांनी आपल्या पक्षाचं नाव लावणाऱ्या या उमेदवाराविरुद्ध जाहीरपणे बोलून दाखवलं. कृष्णवर्णीय मतदार प्रचंड संख्येनं बाहेर पडले. एडवर्ड्स ६१ टक्के मतं मिळवून जिंकले. देशानं सुटकेचा निःश्वास टाकला, पण मतदानोत्तर पाहणीत दिसलेला आकडा मला अजून अस्वस्थ करतो: गोऱ्या मतदारांतली निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, मतं ड्यूकला पडली होती. हे सगळे क्लॅनवाले नव्हते. सरकारी मदतीवर जगणारे, राखीव जागा, माझे कर कुणासाठी, या शब्दांत बोलणारा उमेदवार त्यांना भेटला होता. ड्यूक हरला आणि ते शब्द इतरांच्या तोंडी जिवंत राहिले.

तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं? माझ्या मते राखणदार दुबळा झाला. पूर्वी पक्षाचे पुढारी, वृत्तपत्रांचे संपादक आणि देणगीदार मिळून एखाद्याला बाहेर ठेवू शकत. उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, ठरतो आणि प्रायमरीला मोजके, सर्वांत तापलेले मतदार येतात. पैसा आता इंटरनेटवरून थेट गोळा होतो. मधला पुढारी ज्याला घाबरतो, तो मतदार आता पुढाऱ्याच्या घरापर्यंत पोचला आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये मशाली घेतलेले तरुण ‘ज्यू आमची जागा घेऊ शकणार नाहीत’ असं ओरडत विद्यापीठाच्या आवारातून चालत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, एक तरुणी मेली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती असं म्हटलं. त्याच पत्रकार परिषदेत त्यांनी नवनाझींचा निषेधही केला होता, हे नोंदवायला हवं. पण ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी हवं ते ऐकलं. गोऱ्यांना हटवून त्यांच्या जागी स्थलांतरित आणले जात आहेत, हे त्या मशालींमागचं सूत्र. पुढच्या पाच वर्षांत ते ज्यू शब्द गाळून वृत्तवाहिन्यांच्या मुख्य कार्यक्रमांत आणि उमेदवारांच्या प्रचारात आलं. २०१९ मध्ये एल पासोत २३ माणसं मारणाऱ्यानं आणि मे २०२२ मध्ये बफेलोच्या दुकानात १० कृष्णवर्णीय मारणाऱ्यानं लिहून ठेवलेल्या मजकुरात तेच सूत्र होतं.

पक्षानं शिक्षा कुणाला केली ते पाहावं. आयोवाचे खासदार स्टीव्ह किंग यांना गोऱ्या राष्ट्रवादाची उघड पाठराखण केल्याबद्दल जानेवारी २०१९ मध्ये रिपब्लिकनांनी सर्व समित्यांवरून काढलं, २०२० च्या प्रायमरीत ते हरले. कडी लावली की लागते. रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांनी बफेलोनंतर आपल्याच पक्षाच्या नेतृत्वानं गोऱ्या राष्ट्रवादाला थारा दिल्याचं सांगितलं. ट्रम्प समर्थकांनी ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदेवर केलेल्या हल्ल्याबद्दलही त्या गप्प बसल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याही प्रायमरीत हरल्या, प्रचंड फरकानं. आणि २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी त्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली. त्यात २२ वर्षांची शिक्षा झालेला प्राउड बॉइज या कट्टर उजव्या संघटनेचा नेता होता. तो स्वतः क्यूबन वंशाचा आहे आणि आपली संघटना वंशवादी नसल्याचं सांगतो. माफी मिळालेल्यांतले सगळे वर्चस्ववादी नक्कीच नव्हते. पण देशातल्या प्रत्येक हत्यारबंद टोळीला त्या दिवशी काय निरोप गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. रिपब्लिकन पक्षाची मतं अलीकडे लॅटिनो आणि कृष्णवर्णीय पुरुषांतही वाढली आहेत, मग तो गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पक्ष कसा? मी तसं म्हणत नाही. महागाई, सीमा, नोकऱ्या यांसाठी मत देणाऱ्याला वंशद्वेष्टा ठरवणं अन्याय आहे आणि राजकीयदृष्ट्या मूर्खपणाही. डेमोक्रॅटांनी तो केलेला आहे. पण घरात चांगली माणसं राहतात म्हणून ओसरीवर कोण बसलं आहे हा प्रश्न मिटत नाही. उलट त्या चांगल्या माणसांनाच तो विचारायचा असतो.

आणि तो आपल्या माणसांनाही विचारायचा आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख तरुणाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यानं पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा गणवेश घातला होता. नागरिकत्व फक्त गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांना होतं, म्हणून मी उच्चवर्णीय आर्य आहे, म्हणजे गोराच आहे, असा युक्तिवाद त्याच्या बाजूनं झाला. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. वर्णाची उतरंड दाखवून त्या दारातून आत जाता येत नाही, हे तेव्हाच ठरलं. आपल्याला मोठ्या संख्येनं आत घेतलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर रक्त सांडून जी हवा बदलली, त्या हवेत तो कायदा झाला. न्यू जर्सीत, शिकागोत, बे एरियात आज जी मराठी मंडळं उभी आहेत, ती त्या उपकारावर उभी आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळ्या घालणारा नवनाझी होता. डिसेंबर २०२४ मध्ये एच-१बी व्हिसावरून समाजमाध्यमांवर भारतीयांना ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या देणाऱ्यांनी कोण कुठल्या पक्षाला मत देतो हे विचारलं नाही.

म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकाला माझी विनंती आहे. तुम्ही रिपब्लिकन असा की डेमोक्रॅट, तो तुमचा प्रश्न. पण नोव्हेंबरची वाट पाहू नका. आपल्या पक्षाच्या प्रायमरीला जा, तालुक्याच्या समितीच्या बैठकीला जा, जिथं दहा माणसं असतात आणि अकरावं मत मोजलं जातं. तिथं एखाद्या बेथ रिकीनं ठराव मांडला, तर तिच्या बाजूनं हात वर करा.